मधू, ओवाळणी परत घेत नाहीत

मधू,

तुझ्या फ्युनरलला चार माणसं बोलली. चौघांनी तुला देवमाणूस ठरवलं. मला कुणी बोलायला सांगितलं नाही, ते बरंच झालं. आता मंडळाच्या अंकासाठी नलूचा फोन आला, "अक्का, तुम्ही मोठ्या बहीण. चार ओळी तुमच्या हव्यात." तुझी बायको अजून फोनवर रडते, तिला नाही म्हणवेना. पण चार ओळींत माझं भागणार नाही, आणि गोड बोलायला ते चौघे आहेत. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास. ते मी इथे पुरं करते.

तू अमेरिकेत कधी आलास, कंपनी कशी काढलीस, विद्यापीठाच्या बोर्डावर कसा गेलास, हे सगळं सांगून झालं आहे. मला तू आठवतोस तो एडिसन गावातल्या आमच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर, पँट दुमडून सिमेंट कालवताना. माझी नात रेवा तेव्हा दुसरीत होती. तिच्यासाठी बास्केटबॉलची रिंग आणली होतीस आणि माणूस न बोलावता खांब स्वतः रोवत होतास. एवढा इंजिनियर, पण खांब तिरका बसला. माझा संजय म्हणाला, "मामा, कललाय."

तू मागे होऊन बघितलंस आणि म्हणालास, "खांब सरळ आहे. तुमचा ड्राइव्हवे कललाय."

तो खांब अजून तसाच आहे. तूही शेवटपर्यंत तसाच होतास.

हा खेळ मला तू शिकवलास. जेवणाच्या टेबलावर पाच स्टीलच्या वाट्या आमच्या, पाच काचेच्या त्यांच्या, आणि लिंबाचा बॉल. मला तीन सेकंदांचा नियम कळेना तर तू म्हणालास, "अक्का, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जास्त वेळ उभं राहायचं नाही, एवढंच." मग लगेच कळला. दर शनिवारी दोन तास गाडी चालवून रेवाच्या मॅचला यायचास. माझा नवरा गेल्यावर मला आणि संजयला तूच इकडे आणलंस. मी चौथी शिकलेली, इंग्रजीचा पत्ता नाही. ओक ट्री रोडवरच्या दुकानात पोळ्या लाटायचं काम तूच बघून दिलंस, आणि पहिल्या दिवशी मला सोडायला आलास तेव्हा मालकाला दम भरलास की हिला उभ्याने काम सांगायचं नाही, स्टूल द्यायचं. हे मी विसरलेले नाही. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मध्ये येणार नाही.

रेवा सहा फूट झाली. हायस्कूल संपत आलं तेव्हा कॉलेजवाल्यांचे फोन सुरू झाले. त्यातली दोन कॉलेजं खरी होती. एक मॅसॅच्युसेट्समधलं, वूस्टरजवळचं छोटं कॉलेज. श्रूजबरीला सुनेची, स्वातीची बहीण राहते, रविवारी पोरीला घरचं जेवण मिळालं असतं. दुसरं तुझं विद्यापीठ. टीव्हीवर दिसणारं.

तुझ्या विद्यापीठाची कोच बाई घरी आली तेव्हा स्वातीने मुलगी बघायला येतात तशी तयारी केली होती. नवे कप काढले, पडदे धुतले. बाईने दारात बूट काढले, थालीपीठ दोनदा मागून घेतलं. तू आमच्या सोफ्यावर आमच्या बाजूने बसला होतास, पण गळ्यात हिरवा टाय होता, त्यांच्या रंगाचा. बसता बसता म्हणालास, "आज मी रेवाचा मामाआजोबा म्हणून आलोय. बोर्डाचा माणूस म्हणून नाही." तसा काही नियम होता म्हणे.

मी म्हटलं, "मग टाय काढ."

तू हसलास. टाय काढला नाहीस.

वूस्टरचं कॉलेज चार वर्षांची स्कॉलरशिप लिहून देत होतं. तुझ्या विद्यापीठाच्या कागदावर एक वर्ष होतं, पुढे दर वर्षी ते ठरवणार. संजय टीव्ही घेतानाही वॉरंटी शेवटपर्यंत वाचतो, त्याला ते लगेच दिसलं. "मामा, यात एकच वर्ष आहे." तू म्हणालास, "अरे, ते सगळ्यांना तसंच छापतात. रेवाचं मी बघतो ना."

सह्यांच्या आधीच्या आठवड्यात भाऊबीज आली. तू नेहमीसारखा आलास, पाटावर बसायला गुडघे नको म्हणतात म्हणून खुर्चीवर बसलास, डोक्यावर रुमाल टाकलास. मी ओवाळलं. दरवर्षी तू पाकीट घालायचास. त्या वर्षी निरांजनाच्या शेजारी रिकामा हात ठेवलास आणि म्हणालास, "अक्का, यंदा पाकीट नाही. यंदा तुझ्या ओवाळणीत रेवाची चार वर्षं. माझा शब्द."

स्वातीने डोळे पुसले. मीही पदर तोंडाला लावला, आता लपवून काय करू.

रात्री संजय म्हणाला, "एकदा वकिलाला दाखवू या का?" स्वाती म्हणाली, "मामांनी ओवाळणीत घातलंय, आणि आपण वकील आणायचा? कसं दिसेल ते?" मला विचारलं. मी म्हटलं, ओवाळणी मोजून घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी संजयने वूस्टरला फोन करून नाही सांगितलं.

दुसऱ्या मुलींच्या घरी एजंट होते, वकील होते. आमच्याकडे तू होतास.

पहिलं वर्ष रेवा बसून राहिली. दुसऱ्या वर्षी खेळायला लागली. नर्सिंगचा अभ्यास, पहाटेची प्रॅक्टिस, आणि बुधवारी विमानाने देशाच्या दुसऱ्या टोकाला मॅच, कारण तुमच्या बोर्डाने शेजारच्या कॉलेजांशी खेळणं सोडून टीव्हीवाल्यांना हवं तिकडे खेळायचं ठरवलं होतं. मी तुला विचारलं, "दोन तासांवर एवढी कॉलेजं असताना पोरी पाच तास उडतात कशाला?" तू म्हणालास, "अक्का, त्या उडण्यातच पैसा आहे." पोर विमानात शरीराची हाडं पाठ करायची. तरी तक्रार नव्हती. रेवाची नव्हती, म्हणून माझीही नव्हती.

मग पैशांचं आलं. पोरींना खेळायचे पैसे द्यायला परवानगी मिळाली. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तू सगळ्यांना सांगत फिरलास की अक्का जुन्या वळणाची, तिला पोरींनी पैसे मिळवलेले बघवत नाहीत. खोटं आहे. मी आयुष्यभर पोळ्या लाटल्या, मला कामाचे पैसे कळतात. पोरी फुकट खेळायच्या आणि कोच, मॅनेजर, टीव्हीवाले बंगले बांधायचे, ते चूकच होतं. तू म्हणायचास ते बरोबर होतं.

पण पैसे द्यायला लागल्यावर देणारे काय झाले, ते बघ. आधी तुम्ही सगळे पैसेवाले मॅचला यायचात, पुढच्या रांगेत बसायचात, ओरडायचात, घरी जायचात. मग तुम्ही फंड काढलात. फंडातून मुलींना पैसे, म्हणून कोणती मुलगी ते फंड ठरवणार. तू फंडाचाही मुख्य आणि बोर्डावरही तूच. मग तुम्ही एक जनरल मॅनेजर आणलात. शेअर बाजारातला माणूस, बॉल हातात धरलेला कुणी बघितला नाही. दिवाळीच्या फराळाला तू आमच्याकडे चिवडा खात सांगत होतास, "आता कोचने फक्त खेळवायचं. कुणाला आणायचं, कुणाला किती, ते आम्ही बघणार."

संजय म्हणाला, "मामा, मग कोचला कोच कशाला म्हणायचं?"

"अरे, ड्रायव्हर गाडी चालवतो. गाडी कोणती घ्यायची ते ड्रायव्हर ठरवतो का?"

सगळे हसले. रेवा हसली नाही. ती चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती, लहानपणापासूनची सवय.

कोच बाई वसंतात दुसऱ्या कॉलेजात गेली. तीही जास्त पैशांवर गेली, तिला मी साधू म्हणत नाही. पण ती गेल्यावर आठवडाही झाला नाही आणि त्या मॅनेजरने रेवाला बोलावलं. तिसरं वर्ष संपत होतं. म्हणाला, तू चांगली मुलगी आहेस, पण आम्हाला आता मोठ्या मुली हव्यात. सहा फुटांच्या पोरीला हे सांगतो. पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप नाही, पोर्टलमध्ये नाव टाक. पोर्टल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ज्यांना नको झालंय किंवा ज्यांना आणखी हवंय, त्या सगळ्या पोरींची नावं तिथे टांगलेली असतात आणि कॉलेजं येऊन निवडतात. रेवाच्या जागी फंडाच्या पैशांतून दोन मुली आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यातली एक तीन वर्षांत तिसऱ्या कॉलेजात आली होती, तिलाही उद्या कुणी असंच बोलावेल.

रेवाने मला फोनवर सांगितलं, "आजी, इट्स ओके. एव्हरीबडी गेट्स कट." मग म्हणाली, "मामाआजोबांना फोन करू नकोस."

मी अर्थातच केला.

"मधू, रेवाला काढलं."

"कळलं मला."

"कधी कळलं?"

तू आवाज बदललास. म्हणालास, "अक्का, मी आता बोर्डाचा माणूस म्हणून बोलतोय. यात मला पडता येत नाही. हा बिझनेस झालाय."

"बिझनेस असेल तर कामावर ठेवल्यासारखं ठेवा. मी दुकान सोडलं तेव्हा मालकाने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं."

"तुला नाही कळायचं ते."

"ओवाळणी कळते मला. ती तू परत घेतलीस."

"काहीतरीच काय. ते एक बोलणं होतं."

मी फोन ठेवला. तू एवढ्या लोकांना एवढे शब्द दिलेस आयुष्यात, त्यातला एक बोलणं होऊन गेला, तुझ्या दृष्टीने एवढंच. आमच्याकडे पोरीचं एक वर्ष गेलं. ओहायोतल्या ज्या कॉलेजाने तिला घेतलं त्यांनी नर्सिंगचे निम्मे विषय मोजले नाहीत. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी उन्हाळ्यात नर्स होतील. ही पुढच्या उन्हाळ्यात होईल. तिकडे ती खेळतही नाही फारशी, बाकावर असते.

गेल्या भाऊबीजेला मला वाटलं होतं तू येणार नाहीस. आलास. स्वतः गाडी चालवत आलास. गळ्याशी शर्ट सैल झाला होता, मी बघितलं, पण तुला विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. तुझ्या आजाराचं नलूला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, तुझ्या फंडातल्या लोकांनाही माहीत होतं असं आता कळतं. माझ्यापासून लपवलंस. अक्काला काळजी नको म्हणून, असं नलू म्हणते. मला वाटतं, आजारी दिसलास तर मी भांडण सोडून देईन याची तुला भीती होती. तुला दयेने सुटलेलं नको होतं. एवढं मी तुला ओळखते.

ओवाळलं मी. भावाला दारातून परत पाठवत नाहीत. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तुझ्यावरून निरांजन फिरवलं. तू खिशातून पाकीट काढलंस आणि मी ताट मागे घेतलं.

"ओवाळणी नको. तुझ्या हातचं परत जातं."

तू पाकीट हातात धरून बसून राहिलास. स्वाती बासुंदीची वाटी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मग मी विचारायचं ते विचारलं. "बोर्डात पोरींचं सगळं फंडाच्या हातात द्यायचं ठरलं, तेव्हा तू विरोधात हात वर केलास की नाही?"

तू म्हणालास, "अक्का, माझा एक हात. बाकीचे किती. माझ्या एका हाताने काय होणार होतं?"

"तो एक कुठे होता?"

"जाऊ दे ना आता."

मी जाऊ दिलं नाही, पण उठून पानं घेतली. जेवण वाढलं. तू अर्धी वाटी बासुंदी ठेवलीस. बासुंदी ठेवणारा तू नव्हेस, मला वाटलं रागाने ठेवलीस. निघताना ड्राइव्हवेवर तू त्या खांबाला हात लावून उभा राहिलास. मी खिडकीतून बघत होते. ठोकून बघितलंस तो घट्ट आहे का. मग गाडीत बसलास.

तेवढंच. त्यानंतर आपण बोललो नाही.

इतके महिने मी स्वतःशी एक तडजोड करून ठेवली होती. म्हणायचे, एक हात होता बिचाऱ्याचा, बाकीचे श्रीमंत, गोरे, जुने. तो खाली धरून बसला असेल. धीर झाला नसेल. भित्रा भाऊ चालतो मला. लहानपणी अंधारात परसात जायला माझा हात धरायचास, मी तुला भित्रा म्हणून ओळखतेच. म्हटलं, येत्या भाऊबीजेला ताट मागे घ्यायचं नाही.

आणि मग फ्युनरलला तुमच्या बोर्डाचा अध्यक्ष बोलायला उभा राहिला. मला इंग्रजी बोलायला अडखळायला होतं, ऐकायला होत नाही. इतकी वर्षं झाली. त्याने सांगितलं की खेळाचा सगळा कारभार फंडाच्या समितीकडे द्यावा हा ठराव तूच मांडलास. बाकीचे का-कू करत होते. कुणीतरी तुला म्हणालं, तुमच्या नातीची टीम आहे, तुम्ही बाजूला राहा. तर तू म्हणालास, माझी नात आहे म्हणूनच मी मांडतोय. तिलाही काढावं लागलं तर काढा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मग सगळ्यांनी हात वर केले.

"दॅट वॉज द मॅन," असं म्हणून तो माणूस रडला. खरंच रडला. लोकांनी माना हलवल्या. नलूने माझा हात दाबला, अभिमानाने. रेवा माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पायातला बूट सारखा करायला ती खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

म्हणजे मधू, पहिला हात तुझा होता. तू भित्रा नव्हतास. पोरीची चार वर्षं तू माझ्या ताटात घातलीस आणि त्याच हाताने उचलून तिकडे टेबलावर ठेवलीस, स्वतःचा खरेपणा दाखवायला. आणि गेल्या भाऊबीजेला, माझं कुंकू कपाळावर ओलं असताना, मला म्हणालास, माझ्या एका हाताने काय होणार होतं.

तुझ्या बाजूने विचार करून बघितला मी. तू म्हणाला असतास, घरच्या पोरीला वाचवलं असतं तर तूच मला वशिल्याचा म्हणाली असतीस. म्हणाले असते बहुतेक. पण मग शब्द द्यायचा नव्हतास. वूस्टरवाले लिहून देत होते. तुला नात हवी होती तुझ्या हिरव्या कपड्यांत, टीव्हीवर, शेजारच्याला दाखवायला. ती घेतलीस तेव्हा मामाआजोबा होतास. दिलीस तेव्हा बोर्डाचा माणूस. टाय तोच होता.

खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी तुला शिव्या दिल्या असत्या. स्वातीने दार लावून घेतलं असतं शेजाऱ्यांसाठी. मग मी बासुंदी वाढली असती. शिव्या संपायला माणूस समोर लागतो रे. आता या माझ्याजवळ राहिल्या आणि मी एक्याऐंशी वर्षांची आहे, इतकं सामान घेऊन कुठे जाऊ.

नलूचा परवा पुन्हा फोन आला. विद्यापीठ तुझ्यासाठी त्यांच्या कोर्टवरच्या शेवटच्या मॅचला हाफ टाइममध्ये काहीतरी करणार आहे. मधल्या गोलात उभं राहायचं, पडद्यावर तुझे फोटो, टाळ्या. त्यांना मी हवी आहे, आणि रेवा खास हवी आहे. त्या हिरव्या जर्सीत आली तर फारच छान, असं म्हणाले. काढून घेतलेली जर्सी एका दिवसासाठी परत देणार.

मी रेवाला विचारलं. तिचं तिने ठरवावं. तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "आजी, त्या दिवशी आमची गेम आहे."

"खेळवणार आहेत का तुला?"

"प्रोबॅबली नॉट."

"मग?"

"आय स्टिल हॅव टू बी देअर ना. आय टोल्ड देम आय वुड."

मी फोन ठेवला आणि संजयला सांगितलं, ओहायोला जायचं, गाडी काढ. तो म्हणाला, "आई, नऊ तासांचा ड्राइव्ह आहे आणि ती बेंचवर बसणार." मी म्हटलं, मग आपण बेंच बघू. नलूला कळवलं. ती बिचारी म्हणाली, "अक्का, लोक काय म्हणतील? सख्खी बहीण आली नाही." मी म्हटलं, लोकांना सांग, अक्काची गेम आहे.

भाऊ गेला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. ते मी करीन. ओक ट्री रोडवरून नवं निरांजन आणायला स्वातीला सांगितलं आहे, जुन्याची वात नीट बसत नाही. ड्राइव्हवेवर उभी राहीन, त्या तिरक्या खांबाशी, तिथून चंद्र बरा दिसतो. ओवाळून ताट धरून थोडा वेळ थांबेन, सवय आहे म्हणून. चंद्र ताटात काही घालणार नाही. मग मी आत येईन.

अक्का